पुस्तकांचं कपाट आणि गटाची पंचसूत्री

आज आपण कर्ज, व्याज, बँक लिंकेज यातलं काही बोलणार नाही. आजचा विषय आहे शाळेतलं वाचनालय. विषय शाळेचा आहे म्हणून रेडिओचा आवाज कमी करू नका. हे काम आपल्या गटांना चांगलं जमण्यासारखं आहे, आणि ते कसं, तेच आज सांगायचं आहे.

कल्याण, मुरबाड, शहापूर या भागात आम्ही गटांच्या बैठकांना फिरतो. बैठक बरेचदा शाळेच्या व्हरांड्यातच भरते. तिथे आम्ही विचारतो, "या शाळेत गोष्टीची पुस्तकं आहेत का?" उत्तर येतं, "आहेत ना ताई, कपाटात आहेत." "किल्ली कुणाकडे?" "सरांकडे." "मागच्या महिन्यात तुमच्या पोरानं कुठलं पुस्तक घरी आणलं?" इथे मात्र सगळ्या एकमेकींकडे बघायला लागतात.

आता आपल्या गटाची पेटी डोळ्यांपुढे आणा. दहा-पंधरा जणी दर महिन्याला बचत टाकतात. ते पैसे वर्षभर कुलपात ठेवले आणि कुणालाच दिले नाहीत, तर गट चालला असं आपण म्हणू का? पैसा फिरला, एकीच्या भाताच्या बियाण्याला लागला, दुसरीच्या शेळीला लागला, तिसरीच्या औषधपाण्याला लागला आणि परत पेटीत आला, तर गट चालला. पुस्तकाचं तसंच आहे. कपाटात शंभर पुस्तकं आहेत म्हणजे वाचनालय आहे असं होत नाही. ती किती हातांतून फिरली, यावर वाचनालय ठरतं.

धडा पाठ असणं आणि वाचता येणं

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मूल शाळेत जातं, पुस्तक उघडतं, घडाघडा धडा म्हणतं. आपल्याला वाटतं, आलं वाचायला. पण कधीतरी जवळ बसून बघा. बोट एका शब्दावर असतं आणि तोंडातून पुढचं वाक्य निघालेलं असतं. धडा ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. त्याच मुलापुढे किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवा, म्हणजे खरं कळतं.

'प्रथम' संस्था देशभरातल्या खेड्यांत 'असर' नावाची पाहणी करते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी साधारण ४९ मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं पाचवीत बसली आहेत, पण दुसरीचं वाचता येत नाही. पुढे विज्ञान आलं, इतिहास आला, तोंडी हिशोबाऐवजी लेखी उदाहरणं आली की ही मुलं मागे पडतात. मागे पडली की गप्प बसतात. गप्प बसली की शाळा सुटते. मुलगी असेल तर त्याच वर्षी कुणीतरी म्हणतं, "नाहीतरी तिला अभ्यास जमत नव्हता."

हे का होतं? आपण भाकरी थापायला शिकलो ते आठवा. पहिल्यांदा सगळं लक्ष हातात. पीठ किती, पाणी किती, कड फाटली का. शेजारी कुणी बोललं तर भाकरी मोडायची. सवय झाली आणि हात आपोआप चालायला लागला, मग भाकरी थापता थापता आपण गप्पाही मारतो. वाचनाचंही असंच. सुरुवातीला मुलाचं सगळं लक्ष अक्षर लावण्यात जातं. 'न-दी-ला पू-र आ-ला' करत ते वाक्याच्या शेवटाला पोचतं, तोवर सुरुवात विसरलेलं असतं. मग अर्थ कसा लागणार? अक्षरं आपोआप लागायला लागली म्हणजे डोकं अर्थाकडे वळतं. त्यासाठी पुष्कळ, सोपं आणि आवडीचं वाचायला मिळावं लागतं. वर्षभर तेच एक पाठ्यपुस्तक त्याला पुरत नाही. गोष्टीच्या पुस्तकांची गरज इथे आहे. ती लाडाची वस्तू नाही, वाचनाचा सराव आहे.

हक्क कुठला, पैसा कुठला

शाळेत वाचनालय असावं ही कुणाची मेहेरबानी नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेत काय काय असलं पाहिजे याची यादी आहे. त्या यादीत प्रत्येक शाळेत वाचनालय, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टीची पुस्तकं, असं आलेलं आहे.

याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. या समितीत पाऊण हिस्सा पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. म्हणजे कागदावर आपण तिथे आहोतच. बऱ्याच जणी सहीपुरत्या असतात, तो वेगळा विषय. शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे या समितीचं काम आहे. वाचनालयाचा विषय त्यात घालता येतो.

पैशाचं म्हणाल, तर समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या वाचनालयासाठी वर्षाला अनुदानाची तरतूद आहे. शाळा कितवीपर्यंत आहे त्याप्रमाणे ती ५,००० पासून २०,००० रुपयांपर्यंत जाते. आपल्या गावच्या चौथी-पाचवीपर्यंतच्या शाळेला यातली लहान रक्कम लागू होते. यंदा किती आले, त्यातून कुठली पुस्तकं घेतली, हे समितीच्या बैठकीत विचारता येतं. मात्र विचारताना चौकशीला आल्यासारखं विचारू नका. "सर, पुस्तकं आली असतील तर लावायला आम्ही दोघी-तिघी येऊ का?" असं विचारा. दोन शिक्षकांची शाळा, त्यात चार वर्गांचं शिकवणं, त्यात माहिती भरणं, सभा, सर्वेक्षण. मदतीला येणारी बाई कुठल्या शिक्षकाला नको असते?

पुस्तकानं पाड्यावर यायला हवं

वाचनालयाची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ ला सुरू झालं. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांतले. मराठी साहित्य संमेलनं २०१० च्या डिसेंबरात ठाण्यात आणि २०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीत भरली. पण रानभाजीची पाटी घेऊन कल्याणला उतरणाऱ्या आपल्यातल्या बाईनं त्या वाचनालयाची पायरी चढलेली नसते, आणि तिच्या पोराला तर एसटीनं तिथे जाणं शक्यच नाही.

मग काय करायचं, याचा धडा आपल्याच भागात घालून दिलेला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे त्यांनी पाहिलं, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. पुस्तकांच्या बाबतीत आपल्याला हेच करायचं आहे.

आणि आपलं वय झालं, आपल्याला काय कळतं, असं कुणी म्हणत असेल तर तिला मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचं नाव सांगा. तिथे ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन, घरची कामं उरकून दुपारी शाळेत बसायला लागल्या. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आपल्या गटाची पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत देवाणघेवाण, वेळेवर परतफेड आणि नीट नोंदी. हीच पाच सूत्रं पुस्तकांना लावून बघू.

पहिलं सूत्र : नियमित बैठक

आठवड्यातला एक तास पुस्तकाचा, आणि तो ठरलेला. पाहुणे आले म्हणून रद्द नाही, परीक्षा आली म्हणून रद्द नाही. बऱ्याच शाळांना शनिवार सोयीचा पडतो. गटातल्या दोघींनी पाळीपाळीनं जायचं.

या तासाला मुख्य काम म्हणजे मोठ्यानं वाचून दाखवणं. हे दहा-बारा मिनिटांचं काम आहे, पण रीत आहे. मुलांना अर्धगोलात बसवायचं. पुस्तक आपल्याकडे नाही, मुलांकडे तोंड करून धरायचं, म्हणजे चित्रं दिसतात. आधी मुखपृष्ठ दाखवून विचारायचं, "या गोष्टीत काय असेल?" मुलं वाट्टेल ते सांगतात, सांगू द्यायचं. मग सावकाश वाचायचं. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं आणि विचारायचं, "आता ही काय करेल?" गोष्ट संपल्यावर मात्र "तात्पर्य काय?" असं विचारायचं नाही. मुलांना लगेच परीक्षेचा वास येतो. "तुला कोण आवडलं?", "तू असतास तर काय केलं असतंस?" एवढं पुरे. वाचलेलं पुस्तक मुलांच्या हाताला येईल असं ठेवून द्यायचं. मुलं आधी तेच उचलतात, कारण गोष्ट ओळखीची झालेली असते आणि ओळखीचं वाचायला सोपं जातं.

ज्या बाईला वाचता येत नाही तिनं काय करायचं? तिनं गोष्ट सांगायची. आजीच्या पोटात असलेल्या गोष्टी कुठल्या पुस्तकात सापडायच्या नाहीत.

आणखी एक उपक्रम आम्हाला फार उपयोगाचा वाटतो. सहावी-सातवीच्या मुलांनी पहिली-दुसरीच्या मुलांना जोडीनं वाचून दाखवायचं. यात एक गंमत आहे. सहावीतल्या ज्या मुलाला नीट वाचता येत नाही, त्याच्या हातात दुसरीचं पुस्तक दिलं तर त्याला लाज वाटते. पण "धाकट्याला वाचून दाखवायचं आहे, तयारी कर" म्हटलं की तेच पुस्तक तो चार वेळा वाचतो. लहानग्याला गोष्ट मिळते, मोठ्याचा सराव होतो आणि लाज कुणालाच वाटत नाही.

दुसरं सूत्र : नियमित बचत

पुस्तकंही थोडी थोडी जमवायची असतात. थेंबे थेंबे तळे साचे. पण तळ्यात गाळ नको. शहरातली मंडळी मायेनं पुस्तकं देतात, त्यात जुनी गाइडं, बंद झालेली पाठ्यपुस्तकं, मोठ्यांच्या कादंबऱ्याही असतात. पुस्तकं आली की आधी निवडायला बसा, जसे आपण तांदूळ निवडतो. पानं फाटलेली, अक्षर बारीक, मुलांच्या कामाची नसलेली पुस्तकं बाजूला काढा.

काय असावं? लहानांसाठी मोठं अक्षर, पानावर दोन-तीन ओळी आणि भरपूर चित्रं. नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' मालिका मराठीत मिळते आणि किमतीला परवडते. माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं लहान मुलांच्या घरातल्या, रोजच्या गोष्टी सांगतात. मोठ्या मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, ते १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरही मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात. घरात मोबाइल असेलच, तर रात्री झोपताना रीलच्या आधी एक गोष्ट वाचून होऊ शकते.

पुस्तकं सोप्याकडून अवघडाकडे तीन रंगांत वेगळी करा. पाठीवर रंगीत कागदाची पट्टी चिकटवली की झालं. मुलाला आपल्यापुरतं पुस्तक निवडायला पाच बोटांची युक्ती शिकवा. कुठलंही एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पानाच्या शेवटी पाचही बोटं दुमडली तर ते पुस्तक अजून थोडं अवघड आहे, दुसरं घ्यायचं.

तिसरं सूत्र : अंतर्गत देवाणघेवाण

वाचनालयाचं खरं काम हे. पुस्तक घरी गेलं पाहिजे. शाळेत बसून तासभर चाळलं आणि परत कपाटात ठेवलं, तर ते पुस्तक आईनं, आजीनं, धाकट्या भावंडानं बघितलंच नाही.

कपाटाला फाटा द्या. वर्गात खिडकीपासून खिडकीपर्यंत नायलॉनची दोरी बांधा, मुलांच्या उंचीला, आणि पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टाका किंवा कपड्याच्या चिमट्यानं अडकवा. मुखपृष्ठ दिसलं की हात जातो. कपाटात नुसती पाठ दिसते.

पुस्तकं देण्याघेण्याचं काम मुलांवरच सोपवा. चौथीच्या वरच्या चार मुलांची पुस्तकसमिती करा, दोन मुली, दोन मुलगे, दर दोन महिन्यांनी नवी. आपल्या गटात जशी अध्यक्ष आणि सचिव बदलते, तशी. नेमकं गप्प राहणारं मूल या समितीत घ्यायला विसरू नका. दहा जण येऊन "मला दे, मला दे" करतात, तेव्हा त्याला बोलावंच लागतं.

ज्या पाड्यावरून शाळा लांब आहे, तिथे एका घरी पेटी ठेवा. फळांचा रिकामा क्रेटही चालतो. वीस पुस्तकं महिनाभर या पाड्यावर, पुढच्या महिन्यात ती त्या पाड्यावर आणि तिथली इथे. महिन्याच्या बैठकीला येताना ती बदलून नेता येतात.

एका गोष्टीकडे खास लक्ष हवं. आपल्याकडची किती तरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही बरोबर जातात. सहा-सात महिन्यांत आलेली अक्षरंही पुसली जातात. अशा घराबरोबर जाताना कापडी पिशवीत सहा-सात सोपी पुस्तकं द्यायची. शिवणकाम करणाऱ्या गटाला अशा पिशव्या शिवायला कितीसा वेळ? परत येतील तेव्हा एखादं पुस्तक हरवलेलं असेल. असू दे. सहा महिने त्या पोराच्या डोळ्यांसमोर अक्षर राहिलं, हा हिशोब मोठा आहे.

चौथं सूत्र : परतफेड

पुस्तक हरवलं, फाटलं तर? या एका भीतीनं बहुतेक कपाटं बंद राहतात. पुस्तकं साठा वहीवर चढलेली असतात, तपासणीला दाखवायची असतात. शिक्षकांची ही अडचण खरी आहे. म्हणून समितीच्या बैठकीतच ठराव लिहून घ्या : वाचून फाटलेलं किंवा हरवलेलं पुस्तक समितीच्या सहीनं वहीतून कमी करायचं, मुलाकडून दंड घ्यायचा नाही. दंड लागला की गरीब घरातलं मूल पुस्तक न्यायचंच बंद करतं. आणि बंद कपाटात पुस्तकं काय सुखरूप असतात? आपल्याकडचा पाऊस, दमट भिंती. वाळवी आणि बुरशी यांना किल्ली लागत नाही.

दोन महिन्यांतून एकदा दुरुस्तीचा दिवस ठेवा. मैद्याची खळ, जुने पुठ्ठे, जाड सुई, दोरा. सुटलेली पानं शिवायची, कोपरे चिकटवायचे, खाकी कव्हर घालायचं. मुलांच्या हातांनी एकदा पुस्तक शिवलं की ती पुस्तकाची पानं दुमडत नाहीत.

परतफेड दुसऱ्या अर्थानंही असते. वाचलेल्यातलं मुलानं काही तरी परत द्यावं. पण "सारांश लिहून आण" म्हटलं की पुढच्या आठवड्यात पुस्तक नेणारी मुलं निम्मी होतात. त्यापेक्षा वेगळे मार्ग आहेत. आवडलेल्या प्रसंगाचं चित्र काढायचं. गोष्टीचा शेवट बदलून सांगायचा. जुन्या मोज्याच्या बाहुल्या करून दोघांनी संवाद म्हणायचे. गोष्टीतल्या कोल्ह्याला पत्र लिहायचं. "हे पुस्तक कुणी वाचावं आणि का" हे एका ओळीत चिठ्ठीवर लिहून पुस्तकातच ठेवायचं. पुढचं मूल आधी ती चिठ्ठी वाचतं. कुणी किती पुस्तकं वाचली याची शर्यत मात्र लावू नका. मुलं पानं उलटून आकडा वाढवतात.

पाचवं सूत्र : नोंदी

आपल्या सचिव बाईचा हातखंडा. वहीत पाच रकाने : तारीख, मुलाचं नाव, पुस्तकाचा नंबर, कधी नेलं, कधी आणलं. एवढंच. पण महिन्याला ही वही वाचायला बसा, जसं आपण थकबाकी बघतो.

कुठलं पुस्तक एकदाही हललं नाही? ते शनिवारी वाचून दाखवा, मग बघा. कुठल्या मुलानं तीन आठवड्यांत काही नेलं नाही? त्याला बहुधा वाचता येत नाही आणि ते सांगता येत नाही. त्याला सोप्या पट्टीचं पुस्तक द्या, जोडीदार द्या. शिक्षकांच्या कानावर घाला.

आणि मुलींची नावं वेगळी बघा. मुलगी पुस्तक नेते आणि दोन दिवसांत न वाचता परत आणते, असं वहीत दिसलं, तर कारण शाळेत नाही, घरात आहे. शाळा सुटली की पाणी, भांडी, धाकट्याला कडेवर घेणं. तिच्या भावाला तेवढ्या वेळात पुस्तक उघडता येतं, तिला येत नाही. यावर शिक्षक काही करू शकत नाहीत. हे आपल्या हातातलं आहे. रोज अर्धा तास तिला कामातून मोकळं करायचं, एवढंच. भाकऱ्या होईपर्यंत चुलीपाशी बसून तिनं मोठ्यानं वाचलं तर आपलंही ऐकून होतं. आपल्याला वाचता येत नसलं तरी "मग काय झालं गं?" हे विचारता येतं. तेवढ्या विचारण्यानं मूल पुढचं पान उलटतं.

आपली बोली, आपलं पुस्तक

अजून एक अडचण बोलायला हवी. आपल्या घरात कुठे आगरी बोलतात, कुठे वारली, कुठे ठाकरी, कुठे कातकरी. मूल शाळेत येतं आणि पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. ते तोंड उघडायला बिचकतं, कारण बोललं की कुणीतरी हसतं. वाचनालय यावर चांगला उपाय करू शकतं. मुलांनीच पुस्तकं बनवायची.

मुलांनी घरी आजीला विचारून एक गोष्ट आणायची, तिच्याच बोलीत. शिक्षक किंवा मोठी मुलं ती जशीच्या तशी लिहून घेतात. बाजूला पुस्तकी मराठीत लिहितात. मुलं चित्रं काढतात. मधोमध दोन टाके घातले की पुस्तक झालं. आगरी लग्नातले धवलारिणीचे धवळे, आवणीची गाणी, रानभाज्यांची ओळख, मासे पकडायच्या रिती, यांतलं सगळं पुस्तकात येऊ शकतं. गाणं लिहून घेताना म्हणणाऱ्या बाईला विचारावं आणि पुस्तकावर तिचं नाव घालावं. दोरीवर विकतच्या पुस्तकाशेजारी आपल्या आजीचं नाव असलेलं पुस्तक लटकलं की मुलाला कळतं, आपल्या घरातलं बोलणंही लिहिण्यासारखं आहे. पुढे ते वर्गात हात वर करायला लागतं.

दिवस साजरे करा, पण

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन आणि १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती. ती आपल्या राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. या दिवशी कपाट उघडतं, फोटो निघतात. चांगलं आहे. त्या दिवशी गावाला शाळेत बोलवा, पुस्तकं मांडा, मुलांना वाचू द्या. फक्त दुसऱ्या दिवशी पुस्तकं कपाटात परत जाऊ देऊ नका. त्याच दिवशी नोंदवही सुरू करा आणि प्रत्येक मुलाला एक पुस्तक देऊन घरी पाठवा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात तीन ओळी लिहून घ्या. एक, गटातली कोण शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि ती पुढच्या सभेत वाचनालयाचा विषय कधी मांडणार. दोन, कुठल्या वारी, कुठल्या दोघी वाचून दाखवायला जाणार. तीन, नोंदवही कोण आणणार. वीस-पंचवीस रुपयांची वही आहे, गटाच्या खर्चात बसते.

पहिल्या महिन्यात फार काही दिसणार नाही. चार-दोन पुस्तकं फाटतील, एखादं हरवेल, शनिवारी एखादी ताई येणार नाही. आपले गट तरी पहिल्या महिन्यात कुठे नीट चालले होते? सहा महिने नेटानं करा. मग पावसात एखाद्या संध्याकाळी घरातलं पोर मोठ्यानं काही तरी वाचत असेल, तेव्हा रेडिओ जरा बारीक करा आणि ऐका.